‘जरा शांत राहता का?’ : स्पॅनिश भाषेतील एक नाजूक विनंती

“बोला” असे म्हणण्यास फारसे कौशल्य लागत नाही. “बोलू नका” असे म्हणण्यास मात्र ते पुष्कळच लागते. दुसऱ्याला गप्प राहावयास सांगणे म्हणजे त्याच्या हातातील वस्तू काढून घेण्यासारखे आहे. ती हिसकावून घ्यावी, मागून घ्यावी, की त्याने ती आपण होऊन खाली ठेवावी अशी व्यवस्था करावी, याविषयी प्रत्येक समाजाने आपल्या भाषेत काही संकेत घालून ठेवलेले असतात. स्पॅनिश भाषेत हे संकेत विशेष ठळकपणे दिसून येतात, आणि आपल्या मराठी कानांना ते वाटतात तितके परकेही नाहीत.

स्पॅनिश ही केवळ स्पेनची भाषा राहिलेली नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे वीस देशांचा कारभार या भाषेत चालतो. आपल्या देशातही दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि हैदराबादच्या इंग्रजी व विदेशी भाषा विद्यापीठात ती शिकविली जाते. ज्यांच्या घरातील मुलगा किंवा मुलगी ही भाषा शिकत आहे, अशी कुटुंबे आता पुष्कळ आढळतात. “गप्प बस” याला स्पॅनिश प्रतिशब्द कोणता, हे कोश पाहून क्षणात कळते. तो कोणी, कोणाला आणि कोठे म्हणावयाचा, हे मात्र कोश सांगत नाही. आणि सारी मौज, तशीच सारी जोखीमही, तेथेच आहे.

राजाचे पाच शब्द

ही जोखीम केवढी असू शकते, याचे उदाहरण साऱ्या जगाने १० नोव्हेंबर २००७ रोजी पाहिले. चिली देशाच्या राजधानीत, सांतियागो येथे, स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतील राष्ट्रांची शिखर परिषद भरली होती. व्हेनेझुएलाचे अध्यक्ष ऊगो चावेस यांनी स्पेनचे माजी पंतप्रधान होसे मारिया अस्नार यांना ‘फॅसिस्ट’ म्हटले. तेव्हाचे पंतप्रधान सापातेरो हे अस्नार यांचे राजकीय विरोधक. तरीही, अस्नार हे स्पॅनिश जनतेने निवडून दिलेले होते, त्यांच्याविषयी आदराने बोलावे, असे ते सौम्य शब्दांत सांगू लागले. चावेस मध्ये मध्ये बोलतच राहिले. तेव्हा शेजारी बसलेले स्पेनचे राजे हुआन कार्लोस पुढे झुकले आणि म्हणाले, “पोर के नो ते कायास?” म्हणजे, “तू गप्प का बसत नाहीस?”

हे पाच शब्द काही दिवसांतच जगभर झाले. ते सदऱ्यांवर छापले गेले, भ्रमणध्वनीच्या घंटीत वाजू लागले. कित्येकांना ते ऐकून समाधान वाटले, तर कित्येकांना संताप आला. संतापाचे कारण समजून घ्यावयाचे, तर त्या वाक्यातील सर्वांत लहान शब्दाकडे पाहावे लागते. तो शब्द म्हणजे ‘ते’. राजाने अध्यक्षाला ‘तू’ या नात्याने संबोधिले होते, ‘आपण’ या नात्याने नव्हे. स्पेनच्या बोर्बोन राजघराण्यात समोरच्याला ‘तू’ म्हणण्याची सवय जुनीच. त्यात राजाला काही वावगे वाटलेही नसेल. पण जे देश तीनशे वर्षे स्पेनच्या मुकुटाखाली होते, त्यांतील अनेकांच्या कानांना त्या ‘तू’मध्ये जुन्या धन्याचा स्वर ऐकू आला.

पुढे जुलै २००८ मध्ये चावेस स्पेनमध्ये आले, तेव्हा दोघांची भेट खेळीमेळीत झाली आणि राजाने तेच वाक्य छापलेला एक सदरा पाहुण्याला भेट दिला. वाद मिटला, परंतु भाषेच्या अभ्यासकांना एक सुंदर उदाहरण कायमचे मिळाले.

‘तू’ आणि ‘उस्तेद’

स्पॅनिशमधील एकवचनी ‘तू’ हा उच्चाराने अगदी आपला ‘तू’च आहे. हा केवळ योगायोग नव्हे. लॅटिनमधील ‘तू’ आणि संस्कृतातील ‘त्वम्’ ही एकाच प्राचीन कुळातील भावंडे होत. आदरार्थी शब्द आहे ‘उस्तेद’, आणि त्याची जन्मकथा मोठी रंजक आहे. पूर्वी थोरामोठ्यांना ‘बुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, असे संबोधीत. शतकानुशतके जिभेवर घासून घासून त्याचे ‘उस्तेद’ झाले. समोरच्या माणसाशी न बोलता जणू त्याच्या कृपेशी बोलावयाचे, म्हणून ‘उस्तेद’ला क्रियापद लागते ते तृतीय पुरुषाचे.

मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. “महाराजांनी ऐकावे”, “सरकारांनी बसावे” असे आपल्याकडेही समोर उभ्या असलेल्या व्यक्तीलाच म्हटले जात असे. जणू ती व्यक्ती तेथे नाहीच, कोणी तिसराच आहे. थेट बोट न दाखविणे हाच आदर, ही कल्पना दोन्ही भाषांत स्वतंत्रपणे रुजलेली आहे.

आज्ञेची पाच रूपे

गप्प बसणे या अर्थाचे स्पॅनिश क्रियापद आहे ‘कायार’. त्याची आज्ञार्थी रूपे अशी होतात. मित्राला, भावंडाला, लहान मुलाला म्हणावयाचे ‘कायाते’. पहिल्या अक्षरावर जोर देऊन. अनोळखी किंवा मान्य व्यक्तीला ‘कायेसे’. स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला ‘कायाओस’. बोलण्याच्या ओघात पुष्कळ लोक त्याऐवजी ‘कायारोस’ म्हणतात आणि व्याकरणकार त्यांना दटावतात. अनेक मान्यवरांना ‘कायेन्से’. लॅटिन अमेरिकेत ‘कायाओस’ हे रूप बोलण्यात नाही. तेथे वर्गातील चिमुकल्या मुलांनाही गुरुजी ‘कायेन्से’च म्हणतात. म्हणून जो शब्द माद्रिदमध्ये सभेतील प्रतिष्ठितांसाठी राखून ठेवलेला आहे, तोच मेक्सिकोमध्ये बालवर्गात दिवसातून दहा वेळा ऐकू येतो.

पाचवे रूप अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागांतील. तेथे ‘तू’च्या जागी ‘बोस’ हे सर्वनाम वापरतात. एके काळी हा शब्द आदरार्थी होता. स्पेनमध्ये त्याची प्रतिष्ठा उतरत जाऊन तो मागे पडला, परंतु समुद्रापलीकडे सलगीचे सर्वनाम म्हणून टिकून राहिला. तेथे तीच आज्ञा दुसऱ्या अक्षरावर जोर देऊन उच्चारतात. आणि ब्वेनोस आयरेसमध्ये ‘य’च्या जागी ‘श’ येत असल्याने तिचे ‘काशाते’ होते. माद्रिदमध्ये शिकलेला विद्यार्थी तो शब्द प्रथम ऐकेल, तर आपल्याला गप्प बसावयास सांगितले आहे हे त्याच्या ध्यानातही येणार नाही!

सलगी आणि आदर यांची सीमाही सर्वत्र एकाच जागी नाही. स्पेनमध्ये आज दुकानदार आणि गिऱ्हाईक, किंबहुना शिक्षक आणि विद्यार्थीसुद्धा, एकमेकांना सर्रास ‘तू’ म्हणतात. याउलट कोलंबियातील बोगोता आणि आसपासच्या भागात, तसेच कोस्टा रिकामध्ये, घरातल्या घरातही ‘उस्तेद’ चालतो. आई लेकराला प्रेमाने ‘उस्तेद’ म्हणते. इतर पुष्कळ घरांत मात्र एरवी ‘तू’ म्हणणारी आई अचानक ‘उस्तेद’वर आली, की मुलाने समजावे, आपले काही खरे नाही. “अहो महाराज, आता जरा गप्प बसता का?” असे आपल्याकडे एखादी आई म्हणते, तेव्हा त्या ‘अहो’मध्ये किती आदर असतो हे मुलांना पक्के ठाऊक असते. तोच प्रकार.

आदरार्थी म्हणजे आर्जवी नव्हे

येथे नवशिक्याचा एक स्वाभाविक समज तपासून घ्यावयास हवा. ‘कायाते’ हे सलगीचे आणि ‘कायेसे’ हे आदराचे. मग रुग्णालयात मोठ्याने बोलणाऱ्या अनोळखी गृहस्थाला ‘कायेसे’ म्हटले की झाले, असे त्याला वाटते. वस्तुतः त्या गृहस्थाच्या कानाला ते “आपण तोंड बंद करा” असे लागते. सर्वनाम आदराचे असले, तरी क्रियापद आज्ञेचेच आहे. किंबहुना कित्येकदा ‘कायेसे’ हे ‘कायाते’पेक्षा अधिक बोचते, कारण ‘कायाते’मध्ये निदान जवळीक तरी असते, ‘कायेसे’मध्ये दुरावा आणि दरारा दोन्ही असतात. पोलिसाचा किंवा चिडलेल्या अधिकाऱ्याचा तो शब्द आहे. त्याच्यामागे ‘पोर फाबोर’, म्हणजे ‘कृपा करून’, जोडले तरी धार थोडीच बोथट होते.

मग सभ्य माणूस काय करतो? तो मौन मागतच नाही. फक्त आवाज थोडा खाली मागतो. प्रथम “क्षमा करा” म्हणावयाचे, आणि मग “थोडे हळू बोलू शकाल का?” किंवा “थोडे हळू बोललात तर आपली काही हरकत नाही ना?” असे विचारावयाचे. समोरच्याचे बोलणे त्याच्यापाशीच राहते, फक्त त्याची पट्टी उतरते. आज्ञार्थ जाऊन प्रश्न येतो, आणि प्रश्नाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा असते. निदान तसा देखावा तरी असतो. तेवढ्या देखाव्यानेही माणसाचा मान राहतो.

व्यक्तीकडून जागेकडे

याहूनही सुरक्षित असा एक मार्ग स्पॅनिश भाषेने शोधून काढला आहे. क्रियापदच टाकून द्यावयाचे आणि नुसते नाम उच्चारावयाचे: ‘सिलेन्सिओ’, म्हणजे शांतता. (स्पेनच्या बहुतेक भागांत याचा उच्चार ‘सिलेन्थिओ’ असा होतो.) क्रियापद टाकले की ‘तू’ की ‘उस्तेद’ हा पेच उरत नाही. कोणाकडे बोट दाखविले जात नाही. बोलणारा दोषी ठरत नाही. फक्त त्या जागेचा धर्म सांगितला जातो.

म्हणून टेनिसच्या सामन्यात उंच खुर्चीवर बसलेला पंच हजारो प्रेक्षकांना “सिलेन्सिओ, पोर फाबोर” एवढेच म्हणतो आणि मैदान निवते. वाचनालयाच्या दारावर ‘से रुएगा सिलेन्सिओ’ असे लिहिलेले असते. आपल्या सरकारी भाषेत त्याचे तंतोतंत रूप “शांततेची विनंती करण्यात येत आहे” असे होईल. विनंती कोण करीत आहे आणि कोणाला, हे दोन्ही गुलदस्तात! ‘ग्वार्देन सिलेन्सिओ’ या पाटीतील क्रियापदाचा मूळ अर्थ ‘राखणे’ असा आहे. आपल्या पाट्यांवरील “शांतता राखा” याच्याशी त्याचे साम्य पाहून गंमत वाटते. दोन्ही भाषांनी शांततेला राखावयाची ठेव मानिले आहे. नागरिकाचे तोंड बंद करण्याऐवजी त्याला राखणदार केले आहे.

अर्जेंटिनाने तर शब्दही गाळून टाकला. ओठांवर बोट ठेवलेल्या, पांढऱ्या टोपीतील एका परिचारिकेचे छायाचित्र तेथील रुग्णालयांच्या भिंतींवर कित्येक दशके झळकत होते. १९५३ साली काढलेल्या त्या छायाचित्रातील तरुणी प्रत्यक्षात परिचारिका नव्हती; मुरिएल मेर्सेदेस वाबने या नावाची ती मॉडेल होती. तिच्या मुद्रेत जरब नाही, आर्जव आहे. पलीकडच्या खोलीत कोणी आजारी आहे, एवढे ती डोळ्यांनी सांगते. आणि तेवढे कळले की आज्ञेची गरज उरत नाही.

घरातील गंमत

स्पॅनिश घरातील बोलणे मोठे उत्साही असते. जेवण झाल्यावर ताटे तशीच ठेवून तासन्तास गप्पा मारीत बसणे, याला तेथे ‘सोब्रेमेसा’ असे खास नाव आहे. अशा बैठकीत दोघे-तिघे एकदम बोलणे हा उद्धटपणा मानीत नाहीत. ते रस घेत असल्याचे लक्षण होय. साहजिकच, गप्प बसविण्याचे शब्दही तेथे हसतखेळत येतात. ‘चितोन!’ म्हणजे ‘चूप!’, ‘पुन्तो एन बोका’ म्हणजे ‘तोंडाला टाका’, अर्थात ही गोष्ट कोठे बोलावयाची नाही, ‘सिएर्रा एल पिको’ म्हणजे ‘चोच मीट’. मुलांच्या कलकलाटावर ‘आ कायार!’ अशी सर्वांना मिळून एकच हाक पुरते.

इतकेच नव्हे, तर स्पेनमध्ये ‘काया!’ हा शब्द कित्येकदा गप्प बसण्यासाठी नसतोच. मैत्रिणीने काही नवलाची वार्ता सांगितली, की ऐकणारी उद्गारते, “काया!” आपल्याकडील “चल, काहीतरीच!” याच्या जवळचा तो उद्गार. तो ऐकून मैत्रीण खरोखरीच गप्प बसली, तर मोठाच विरस व्हावयाचा.

म्हणीही सापडतात. मिटल्या तोंडात माश्या शिरत नाहीत, अशी एक म्हण मौनाचा लाभ सांगते. जो गप्प बसतो तो संमती देतो, अशी दुसरी त्याचा धोका सांगते. ‘मौनं सर्वार्थसाधनम्’ आणि ‘मौनं संमतिलक्षणम्’ ही आपली दोन वचनेही अशीच परस्परांवर पहारा करीत उभी आहेत.

लादलेले मौन, पाळलेले मौन

मेक्सिकोमध्ये आणखी एक वचन प्रचलित आहे: “गप्प असलीस की अधिक सुंदर दिसतेस.” ते पुष्कळदा मुलींना उद्देशून, तेही लाडाने म्हटले जाते. स्वर गोड, शब्द सलगीचे. आणि तरीही याच वचनावर तेथील स्त्रिया आज कडाडून आक्षेप घेतात. गोड बोलून घातलेली कडी ही देखील कडीच, असे त्यांचे म्हणणे. रास्तच आहे ते.

फेदेरिको गार्सिया लोर्का या थोर स्पॅनिश कवी-नाटककाराने हे फार पूर्वी ओळखले होते. त्याचे ‘बेर्नार्दा आल्बाचे घर’ हे नाटक १९३६ सालचे. ते लिहून पुरे झाल्यानंतर काही आठवड्यांतच यादवी युद्धाच्या आरंभी त्याची हत्या झाली, आणि नाटकाचा पहिला प्रयोग झाला तो १९४५ साली, ब्वेनोस आयरेसमध्ये. पाच मुलींना बंद दारांआड ठेवणारी विधवा आई हा त्याचा विषय. या आईच्या तोंडचा पहिला शब्द आणि शेवटचा शब्द एकच आहे: शांततेची आज्ञा. जो शब्द वाचनालयाच्या पाटीवर सर्वांना समान लेखतो, तोच त्या घरात कुलूप होऊन बसतो. शब्द सभ्य असला म्हणजे मागणी न्याय्य ठरतेच असे नाही, हा यातील बोध.

याच्या अगदी उलट टोकाला स्पेनमधील सामोरा हे गाव आहे. ख्रिस्ती पवित्र सप्ताहातील बुधवारी संध्याकाळी तेथील प्रधान चर्चसमोर लोक जमतात आणि साऱ्या शहराच्या वतीने मौनाची शपथ घेतली जाते. त्यानंतर मिरवणूक निघते ती निःशब्द. कोणी कोणाला गप्प करीत नाही. गाव आपण होऊन गप्प होते.

हेच पाळलेले मौन पुढे अन्यायाविरुद्धचे शस्त्रही झाले. १३ सप्टेंबर १९६८ रोजी मेक्सिको शहरात विद्यार्थ्यांचा प्रचंड मोर्चा एकही घोषणा न देता चालत गेला. कित्येकांनी तोंडावर चिकटपट्ट्या लावल्या होत्या. उरुग्वेमध्ये १९७३ ते १९८५ या काळातील हुकूमशाहीत जे लोक नाहीसे झाले, त्यांच्यासाठी १९९६ पासून दर वर्षी २० मे रोजी मोंतेबिदेओच्या रस्त्यांवरून ‘मौनाचा मोर्चा’ निघतो. ज्यांचे बोलणे हिरावून घेतले गेले, त्यांच्यासाठी बोलू शकणारे लोक काही वेळ आपले बोलणे स्वखुशीने बाजूला ठेवतात.

स्पॅनिश शिकणाऱ्याला या साऱ्यातून एक साधा नियम सांगता येईल. आपण ‘कायाते’ म्हटले असता जो आपल्यालाही हसत ‘कायाते’ म्हणू शकतो, त्यालाच तो शब्द म्हणावा. भावंडे, जिवलग मित्र, पतिपत्नी यांच्यात तो शब्द दोन्ही बाजूंनी फिरतो, म्हणून तो झोंबत नाही. राजाचे पाच शब्द झोंबले, कारण त्यांतील ‘तू’ एकाच बाजूने चाललेला अनेकांना दिसला. जेथे परतफेडीची मुभा नाही, तेथे ‘सिलेन्सिओ, पोर फाबोर’ म्हणावे आणि त्या जागेलाच बोलू द्यावे. किंवा, बरोबर कारण असेल तर, ते कारण सांगून थांबावे.

भाषा कोणतीही असो, घरात हा नियम उपयोगी पडण्यासारखा आहे. “गप्प बस” म्हटल्याने मूल गप्प बसते, पण ते का बसावयाचे हे त्याला कळत नाही. “आजोबांचा आत्ता कोठे डोळा लागला आहे” एवढेच सांगितले, तर तेच मूल चपला हातात घेऊन पाऊल न वाजविता बाहेर जाते. आणि दारातून आत येऊ पाहणाऱ्या मित्राला, ओठांवर बोट ठेवून, शांत राहण्याची खूण करते.